दहा बाय दहाचा हिशेब : येरवड्यातल्या जागेवरच्या घरांचं प्रकरण

पुण्यातल्या येरवड्याच्या वस्तीत कुणालाही "घर केवढं?" असं विचारा, उत्तर गुणाकारात येतं. दहा बाय दहा. आठ बाय बारा. एखादा नशीबवान असेल तर दहा बाय पंधरा. महापालिकेच्या कागदावर मात्र सगळी घरं एकाच आकड्यात मावतात : २७० चौरस फूट. गुणाकार सांगणाऱ्याला पायाखालची जमीन दिसत असते, चौरस फूट लिहिणाऱ्याला चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा. महापालिकेने इथल्या कच्च्या झोपड्यांच्या जागेवरच पक्की घरं बांधायची योजना आणली, तेव्हा ही दोन मोजमापं समोरासमोर आली. पुढचं बहुतेक भांडण, बोलणी आणि तडजोड या दोन मोजमापांच्या मधल्या फटीत झाली, असं मला वाटतं. पैसे, नकाशे, नियम हेही प्रश्न होतेच, पण ते सुटण्यासारखे होते.

आधी पार्श्वभूमी. ३ डिसेंबर २००५ ला केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केलं. पुण्यात या अभियानाचं नाव बीआरटीमुळे, म्हणजे बससाठी राखलेल्या वेगळ्या मार्गिकांमुळे, घरोघरी पोचलं, आणि बीआरटीच्या नावाने बोटं मोडण्यात शहर इतकं गुंतलं की त्याच अभियानाच्या पोटात गरिबांच्या घरांचाही एक भाग आहे, हे पुष्कळांच्या गावीही नव्हतं. तो भाग म्हणजे 'बीएसयूपी', शहरी गरिबांसाठी मूलभूत सुविधा. पुण्याच्या गटातल्या शहरांसाठी निम्मा खर्च केंद्राचा. उरलेला राज्य, महापालिका आणि घर घेणारं कुटुंब यांच्यात वाटलेला. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे तेच २७० चौरस फूट. घर फुकट द्यायचं नाही, अशीही केंद्राची अट होती. मागास आणि दुर्बल घटकांनी किमान १० टक्के भरायचे, बाकीच्यांनी १२ टक्के. येरवड्यात घराचा खर्च ३ लाख धरला गेला आणि कुटुंबाच्या वाट्याला ३०,००० रुपये आले.

राज्यात या योजनेची मध्यवर्ती यंत्रणा म्हाडा होती, पण घरं कुठे आणि कोणत्या प्रकारची बांधायची याचा प्रस्ताव महापालिकेनेच करायचा होता. हाच या प्रकरणातला खरा निर्णय.

महापालिकेने दोन्ही दगडांवर पाय ठेवला. हडपसर आणि वारजे इथे मोकळ्या जागेवर बहुमजली इमारती उभ्या करून नदीकाठच्या, नाल्यालगतच्या किंवा रस्तारुंदीत जाणाऱ्या झोपड्यांतली कुटुंबं तिकडे हलवायची, हा एक मार्ग. प्रशासनाला तो नेहमीच सोपा वाटतो. जागा रिकामी, ठेकेदार एक, निविदा एक, मोजमाप पुस्तिका एक. दुसरा मार्ग म्हणजे लोकांना न हलवता, वस्तीतच, जिथे कच्चं घर आहे तिथेच पक्कं बांधायचं. अशा सुमारे ४,००० घरांचा प्रस्ताव झाला आणि त्यात येरवड्याच्या वस्त्या आल्या : मदर तेरेसानगर, शीला साळवेनगर, यशवंतनगर, नेताजीनगर, भाटनगर, वडार वस्ती, नागपूर चाळ. काम २००९ च्या सुमारास हातात आलं.

येरवड्यातच का, याचं उत्तर नकाशावर आहे. इथल्या बायका पायी किंवा एका रिक्षात कल्याणीनगर, कोरेगाव पार्क, विमाननगरला धुणंभांडी-स्वयंपाकाला जातात. पुरुष बांधकामावर, हमालीला, टेम्पोवर. सकाळी दोन घरांची कामं उरकून दहाला परत येऊन मुलांना शाळेत सोडणारी बाई हडपसरला गेली, की तिची दोन कामं सुटलीच म्हणून समजा. वारज्याचं तर बोलायलाच नको, ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. पुण्याला हे कळायला हरकत नव्हती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर याच शहराने पूरग्रस्तांना गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत नेलं. त्या वेळी त्या जागा गावाबाहेरच्या वाटत होत्या. त्यांतल्या पुष्कळांचं पुढे चांगलं झालं, कारण शहरच त्यांच्यापर्यंत चालत आलं. पण शहर यायला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि घरकाम करणाऱ्या बाईचा पगार महिन्याला लागतो.

आणखी एक जमेची बाजू होती. १९९९ ते २००१ या काळात, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना सुरुवात करून, पुण्याच्या वस्त्यांमध्ये स्वयंसेवी संस्थांमार्फत चारशेहून अधिक सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधली गेली. त्यातल्या बऱ्याच कामांत वस्तीतल्या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना, तिच्यासोबतची 'स्पार्क' ही संस्था आणि झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ होता. विटा मोजून घेणं, सिमेंटच्या गोण्यांवर नजर ठेवणं, ठेकेदाराला "हा माल परत ने" सांगणं, बिल काढायला वॉर्ड ऑफिसात चार खेपा घालणं हे या बायका आधीच शिकल्या होत्या. त्यामुळे जागेवरच्या घरांचं काम वाटताना महापालिकेने ते संस्थांनाही दिलं. त्यात 'स्पार्क' होती, पुण्याची 'मशाल' होती. वास्तुरचनेत पुण्याचे प्रसन्न देसाई आणि परदेशातून आलेले फिलिपे बालेस्त्रा व सारा योरान्सन ही मंडळी होती.

आता वस्तीच्या शंका. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, तीन लाखांचं घर तीस हजारांत मिळतंय, शंका कसली? पण शंका होत्या आणि त्या अगदी रास्त होत्या.

पहिली, झोपडपट्टी पुनर्वसनाची. पुणे-पिंपरी चिंचवडसाठी 'एसआरए', म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, २००५ मध्येच स्थापन झालं होतं. त्या पद्धतीत बिल्डर स्वतःच्या खर्चाने झोपडीवाल्याला घर बांधून देतो आणि मोबदल्यात वाढीव बांधकामाचा हक्क किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेतो. घर फुकट. मग शेजारच्या वस्तीत बिल्डर फुकट देणार असेल तर आपण तीस हजार का भरायचे? आणि एकदा इथे पैसे भरून घर घेतलं की उद्या एसआरए आलं तर आपण अपात्र ठरणार का? या प्रश्नाला 'बघू' असं उत्तर चालत नाही. पण दुसरी बाजूही वस्तीला ठाऊक होती. फुकटचं घर येतं तेव्हा बिल्डरचं गणित जुळल्यावर येतं, आणि येरवडा विमानतळाच्या जवळ असल्याने इमारतीच्या उंचीला मर्यादा. जिथे उंच जाता येत नाही तिथे बिल्डरचा उत्साहही बेताचाच. तीस हजार म्हणजे वाट न पाहण्याची किंमत होती, असं मी म्हणेन.

दुसरी शंका, तोडण्याची. "तुम्ही आधी पाडा, मग आम्ही बांधतो" हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही वस्तीत संशयानेच ऐकलं जातं. एकदा पत्रे उतरले, भिंती पडल्या, की फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, हातात असूनही माणूस उघड्यावर येतो. इथे महापालिकेकडे तात्पुरत्या निवाऱ्याची सोय नव्हती. कुटुंबांनी जवळपास भाड्याने खोली बघायची किंवा भावाकडे, मेव्हण्याकडे सामान टाकायचं. भाडं आणि डिपॉझिट कुटुंबाच्या खिशातून. म्हणजे तीस हजार हा कागदावरचा वाटा. खरा वाटा त्याहून जास्त, आणि काम जितकं रेंगाळेल तितका तो वाढणारा. योजनेच्या हिशेबात ही रक्कम कुठेच दिसत नाही. मला ही या प्रकरणातली मोठी चूक वाटते. सहा महिन्यांच्या भाड्याची तरतूद केली असती तर होकार लवकर मिळाले असते, कारण नकारामागे अनेकदा तत्त्व नव्हतं, डिपॉझिट होतं.

तिसरी शंका जमिनीची, आणि इथे थोडं थांबायला हवं.

समजायला सोपे आकडे घेऊ. एक घर दहा बाय पंधरा, म्हणजे जमिनीवर १५० चौरस फूट. एक मजला चढवला की ३००. जिना साधारण तीसेक फूट खाणार, उरले २७०. योजना आणि झोपडी यांचं छान जमलं. जमीन तीच, शेजारी तेच, दार त्याच गल्लीत. अशा घराला फक्त नेहमीचे प्रश्न : संडास कुठे, मोरी कुठे, देव्हाऱ्याची भिंत कोणती, म्हाताऱ्या सासूला जिना चढवेल का.

आता दहा बाय दहा घ्या. १०० चौरस फूट. एकट्याने २७० गाठायचे तर तीन मजले, आणि प्रत्येक मजल्यावर जिना जागा खाणार, त्यामुळे तरीही कमीच पडणार. अशी तीन घरं एकमेकांना चिकटून असतील तर? जमीन ३०० फूट, सामाईक जिना ३०, उरले २७०. तीन मजले, प्रत्येकी एक. कागदावर इतकं सुंदर बसतं की हे सुचलेल्या इंजिनियरला त्या दिवशी नक्की चहा दुप्पट गोड लागला असेल.

पण खाली कोण राहणार?

कालपर्यंत तिघांनाही दार होतं, जमिनीवर. तिघांच्या दारासमोर फूटभर ओटा होता, त्यावर पाण्याचं पिंप, कपडे धुवायचा दगड, संध्याकाळी टेकायची जागा. एखादी तिथे वडापावची गाडी लावायची, एखादी शिलाई मशीन ठेवायची. वर गेलं की हे सगळं जातं आणि हातात येतो २७० चौरस फुटांचा स्लॅब. सरकारी भाषेत तिघांना सारखंच घर मिळालं. वस्तीच्या भाषेत एकाला घर मिळालं आणि दोघांना 'बिल्डिंगमधली खोली'. त्यातही वरच्या दोघांची कालची जमीन आता खालच्याच्या घरात गेलेली. "माझी जागा त्याच्या स्वयंपाकघराखाली आहे" हे वाक्य कायद्याला समजत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या माणसाला ते रात्री झोपू देत नाही.

हा प्रश्न नकाशा काढून सुटत नाही, म्हणून तो बोलूनच सोडवावा लागला. इथे 'महिला मिलन'च्या बायकांचं काम दिसतं. चुन्याची रेघ मारायच्या आधी गल्लीत बसून, घर-घर धरून, कोण कुणाचं ऐकतं, कुणाच्या घरात अपंग माणूस आहे, कुणाचा खाली धंदा आहे, कुणाच्या दोन भावांचं पटत नाही, हे सगळं मांडायचं. यातला कुठलाही प्रश्न निविदेत 'बाब क्रमांक' म्हणून टाकता येत नाही, त्याला दर नाही. म्हणून माझ्या मते बोलणी करायला जो वेळ गेला त्याला विलंब म्हणू नये. तेच काम होतं.

वास्तुविशारदांनीही जमिनीचा हा प्रश्न ओळखला होता, हे त्यांच्या तीन नमुन्यांवरून कळतं. पहिल्यात दुमजली घर, पण पाया आणि खांब तीन मजल्यांचे, म्हणजे पुढे ऐपत झाली की वर चढवता यावं. दुसऱ्यात तळ खांबांवर मोकळा, तिथे गाडी लावा किंवा दुकान टाका, राहायचं वर. तिसऱ्यात मधला मजला मोकळा, ओटीसारखा, काम करायला किंवा बसायला. तीनही कल्पना हुशार आहेत. पण मोकळी जागा सोडणं ही चैन शंभर फुटांत कुणाला परवडते? मोकळा मजला बघितला की पुणेकर त्याला भिंती घालतो. सदाशिव पेठेतला घालतो, तसा येरवड्यातलाही घालणार. वाढवायची मुभा देणारा पहिला नमुना मला सगळ्यांत व्यवहारी वाटतो.

महापालिकेसमोरची अडचण वेगळ्या जातीची होती. नेहमीची बांधकाम नियमावली इथे लावली तर एकही घर उभं राहत नाही. बाजूचं अंतर सोडायचं तर तीन बाजूंनी शेजाऱ्याच्या भिंती. रस्त्याची रुंदी मागायची तर गल्ली चार-पाच फुटांची. सळ्या, खडी, वाळू, सगळं मुख्य रस्त्यावर उतरवून डोक्यावरून आत न्यायचं. कच्ची घरं तेवढीच घ्यायची आणि पक्की तशीच ठेवायची, म्हणून काम सलग नाही. इथे एक घर, पुढे दोन सोडून एक, मग कोपऱ्यातली तीन. शेजारच्या जुन्या भिंतीला धक्का न लावता फुटिंग खोदायचं, म्हणजे गवंड्याचं कसब पणाला. अशा कामाला तीन लाखांचा ठरलेला दर, आणि वर्षागणिक चढणारे सिमेंट-लोखंडाचे भाव. मोठा ठेकेदार अशा कामाकडे ढुंकूनही पाहत नाही, ते बरोबरच आहे.

राजकीय बाजूही साधी नव्हती. १६ जणांची स्थायी समिती खर्चाला मान्यता देते, मुख्य सभा धोरणाला, आणि वस्तीत काम सुरू होतं ते स्थानिक नगरसेवकाची हरकत नसेल तर. नगरसेवकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हडपसरला इमारत झाली तर त्याचे मतदार हडपसरला जातात. जागेवर घर झालं तर मतदार राहतात, पण यादीत नाव न आलेले रोज सकाळी त्याच्या कार्यालयात बसतात. पक्कं घर असलेला म्हणतो, मी पोटाला चिमटा काढून विटा लावल्या म्हणून मला काहीच नाही, आणि शेजाऱ्याने पत्रा ठेवला म्हणून त्याला तीन लाखांचं घर? याला काय उत्तर द्यायचं? मला तरी सुचत नाही. योजना गरजेनुसार चालते असं म्हणावं, तर पक्क्या भिंतींच्या आतही गरज असते. मुख्य सभेतल्या भाषणांपेक्षा या सकाळच्या खुर्च्यांवर योजना जास्त अडते किंवा पुढे सरकते.

आणि भाडेकरू. त्यांच्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. यादी झोपडीच्या क्रमांकावर चालते, झोपडीत कोण किती वर्षं भाड्याने राहतं यावर नाही. घर पाडलं गेलं तेव्हा मालकाने तात्पुरती खोली शोधली, भाडेकरूने कायमची.

झालं ते कमी नव्हतं. लोक येरवड्यातच राहिले. कामं सुटली नाहीत, शाळा बदलल्या नाहीत. घरात संडास आला. पहाटे सार्वजनिक संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभ्या राहिलेल्या कुठल्याही मुलीला विचारा, या एका गोष्टीची किंमत कळेल. भर पावसात पत्र्याचा आवाज थांबला. पण घर पक्कं झालं तरी त्याखालच्या जमिनीचा कागद घराइतका पक्का झाला नाही. सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव येणं हा वेगळाच लढा, आणि या योजनेने तो हाती घेतला नाही.

याचा फटका पुढच्या योजनेत दिसतो. २५ जून २०१५ ला पंतप्रधान आवास योजना आली. तिच्यात स्वतःचं घर स्वतः बांधायला अनुदान मिळतं, पण त्यासाठी जमीन स्वतःच्या नावावर हवी. वस्तीतल्या माणसाकडे नेमकं तेच नाही. मग महापालिकेकडे उरतो तो दुसरा घटक, मोकळ्या भूखंडावर इमारती. खराडी, हडपसर, वडगाव खुर्द इथे त्या झाल्या आणि महापालिकेच्या २,६५० हून अधिक घरांचं हस्तांतरण १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. अनुदान केंद्राचं दीड लाख, राज्याचं एक लाख, बाकीचे काही लाख कुटुंबाने कर्ज काढून भरायचे. घर ३० चौरस मीटरपर्यंतचं, म्हणजे येरवड्यापेक्षा मोठंच. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला होता, त्यामुळे हस्तांतरणाच्या वेळी सकाळच्या त्या खुर्च्यांवर बसायलाही कुणी नव्हतं. खाली कोण, वर कोण, हा वादही इथे होत नाही. संगणकाची सोडत मजला ठरवते आणि शेजारीही तीच ठरवते. नियोजनाच्या दृष्टीने हे नक्कीच सुटसुटीत. एवढंच की कर्जाचा हप्ता झेपेल अशी कमाई कागदावर दाखवू शकणारा अर्जदार आणि वडार वस्तीतला दहा बाय दहावाला हे क्वचितच एक असतात.

येरवड्याची घरं आता जुनी होऊ लागली आहेत. गल्लीतून चालताना ती लगेच ओळखू येतात : अरुंद, उंच, समोरच्या भिंतीला एकच खिडकी, वर जायला बाहेरून लोखंडी जिना, आणि त्यावर वाळत घातलेले कपडे. आत मात्र एक नवा प्रश्न आला आहे. वरच्याची मोरी गळते आणि खालच्याच्या भिंतीला ओल येते. इथे सोसायटी नाही, देखभाल वर्गणी नाही, आणि मधला स्लॅब कुणाचा हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. मे महिन्यात, पावसाच्या आधी, वॉटरप्रूफिंगचे पैसे कोण काढणार यावर तिघं शेजारी जिन्यात बसतात. खालचा म्हणतो, पाणी तुमचं. वरचा म्हणतो, जमीन माझीपण होती.